घरात शेवटचं कोण झोपलं होतं?

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकणं जमत नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'तर' कमी केलेत, बाकी फार हात लावलेला नाही.

सुरुवात ऑगस्ट २०२० मधल्या एका दुपारी करू. कन्नड तालुक्यातलं आमचं गाव, पिशोरच्या रस्त्याला. आजोबांनी बांधलेला सात खणांचा वाडा. मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब, वर माळवद. पुढच्या दोन खणांत वडिलांचं किराणा दुकान होतं. त्या दुपारी विमा कंपनीनं पाठवलेले सर्व्हेअर तोंडाला मास्क लावून चिखलात उभे होते आणि मागच्या पडलेल्या भिंतीचे फोटो काढत होते. भिंतीबरोबर दोन खणांचं माळवदही खाली आलं होतं. मला वाटलं, आता विचारतील भिंत किती जुनी, नुकसान किती. त्यांनी विचारलं, "या घरात शेवटचं कोण झोपलं होतं? आणि कधी?"

मी बोटं मोजायला लागलो. वडील गेल्यावर २०१९ च्या दिवाळीनंतर आई माझ्याकडे शहरात आली. दुकान बंद झालं. जानेवारीत मागचे खण उतरवून स्लॅब टाकायचा म्हणून काम काढलं. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, मिस्त्री आपल्या गावी निघून गेला आणि उघडी पडलेली भिंत पावसाच्या तोंडी राहिली. नऊ महिने त्या घरात कुणी झोपलं नव्हतं.

पुढे दावा नाकारल्याचं पत्र आलं. दोनच परिच्छेद. पहिला असा, की नुकसान झालं तेव्हा इमारतीत ३० दिवसांहून जास्त काळ वस्ती नव्हती आणि तसं कंपनीला कळवलेलं नव्हतं. दुसरा असा, की पावसाचं पाणी मुरून भिंत ढासळणं म्हणजे पूर नव्हे. उतरवून ठेवलेल्या तुळयांपैकी चार चोरीला गेल्या होत्या, त्यांचा तर मी दावाही केला नव्हता. आगीच्या पॉलिसीत चोरी बसत नाही एवढं मला ठाऊक होतं. ३० दिवसांचं मात्र ठाऊक नव्हतं. पॉलिसी घरात होती, कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत. वाचली कुणी होती?

राग आलाच. पण राग ओसरल्यावर तो प्रश्न डोक्यात राहिला. घर पडलं पावसानं, मग झोपण्याचा काय संबंध? हा प्रश्न पॉलिसीत आला कुठून? आजचा भाग त्या शोधाचा आहे.

विमा हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि तो आला बाजारातून. सतराव्या शतकात सुरतेसारख्या पेठांमधले व्यापारी मालाचा विमा उतरवत. माल एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना लुटला गेला, बुडाला, तर भरपाई. पण नीट बघा, हा विमा चालत्या मालाचा होता. उभ्या घराचा विमा उतरवावा असं कुणाला सुचलं नाही, कारण घर राखायला गावात वेगळी व्यवस्था होती.

तिचं नाव जागल्या. रात्री गावात फिरायचं, आल्यागेल्यावर नजर ठेवायची. हे काम गावोगाव वेगवेगळ्या समाजांकडे असे, आमच्या डोंगरपट्ट्यात बऱ्याच ठिकाणी भिल्लांकडे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं पेशवाई गेल्यावर, १८१९ मध्ये, जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला त्यात या व्यवस्थेचं वर्णन आहे. चोरी झाली की जागल्यानं चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग शिवेपर्यंत गेला की पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. मग ती जबाबदारी त्या गावाची. ज्या गावात माग थांबेल त्यानं चोर तरी द्यावा, नाहीतर भरपाई तरी. मला हे वाचताना मोठी गंमत वाटली. हप्ता म्हणजे जागल्याचं बलुतं, सर्व्हेअर म्हणजे माग काढणारा, आणि एका कंपनीनं दुसरीकडे बोट दाखवायचं ते गावाच्या शिवेवर. फरक इतकाच, की जागल्याला कुठलं घर रिकामं आहे हे पत्रानं कळवावं लागत नसे. त्याला दिसत असे.

या व्यवस्थेला सुरुंग लागला तोही आमच्याच भागात दिसतो. १८१८ नंतर डोंगरातल्या भिल्लांचे जुने हक्क विस्कटले, बंडाळ्या झाल्या आणि १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी करायला जेम्स औट्रम हा तरुण अधिकारी आला. कन्नडहून चाळीसगावकडे उतरणारा आपला औट्रम घाट त्याच्या नावाचा. जे कालपर्यंत गाव राखत होते, त्यांच्यातले काही आता सरकारी गणवेशात गेले.

इकडे घराचा विमा जन्माला येत होता तो दूर लंडनमध्ये, आणि कारण होतं आग. सप्टेंबर १६६६ मध्ये शहर चार-पाच दिवस जळत राहिलं, तेरा हजारांवर घरं गेली. त्या राखेतून निकोलस बार्बन नावाच्या बांधकाम व्यावसायिकानं १६८० च्या सुमारास आगीच्या विम्याचं दुकान काढलं. विटांच्या घराला एक दर, लाकडी घराला त्याच्या दुप्पट. म्हणजे पहिल्या दिवसापासून विमेवाल्याचा प्रश्न होता की घर कशाचं आहे. घरात कोण आहे, हा प्रश्न नंतरचा.

आपल्याकडे तशीच मोठी आग मुंबईनं पाहिली. १७ फेब्रुवारी १८०३ ला किल्ल्यातल्या बाजारात आग लागली आणि कोटाच्या आतली जवळजवळ एकतृतीयांश घरं गेली. पण त्यातून मुंबईला विमा मिळाला नाही, मिळालं मोकळं मैदान. तोफांसमोरची जागा साफ ठेवायचा हुकूम कडक झाला आणि लोकांना कोटाबाहेर वसवलं गेलं. हिंदुस्थानात आगीचा विमा विकणाऱ्या कंपन्या स्थिरावल्या त्या पुढे, १८५० मध्ये कलकत्त्याच्या ट्रायटनपासून. भारतीय भांडवलाच्या म्हणाल तर १९०७ ची मुंबईची इंडियन मर्कंटाइल, आणि १९१९ मध्ये सर दोराबजी टाटांनी काढलेली न्यू इंडिया. त्यांचं गिऱ्हाईक गोदामं, गिरण्या, कापसाच्या गाठी. कन्नड १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, घाटाखालचं चाळीसगाव इंग्रजांकडे. आमच्या आजोबांनी विमा हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो चाळीसगावला, कापसाच्या गाठींबद्दल. घराचाही विमा असतो हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, घर कुठं जाणार आहे?

आता त्या अटीकडे येऊ.

एकोणिसाव्या शतकात आगीची पॉलिसी म्हणजे ज्याची-त्याची मर्जी होती. प्रत्येक कंपनीच्या अटी वेगळ्या, बारीक टाइपात, आणि कोर्टात गेल्यावर कुणालाच अर्थ लागत नसे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यानं १८८६ मध्ये कायदा करून एकच नमुना ठरवला, तो १८८७ पासून लागू झाला आणि मग अनेक राज्यांनी तोच उचलला. त्या नमुन्यात दोन कलमं आहेत. एक असं, की इमारत रिकामी झाली आणि दहा दिवस तशीच राहिली तर पॉलिसी रद्द, कंपनीनं लेखी मान्यता दिली असेल तर गोष्ट वेगळी. दुसरं असं, की घरात बांधकाम, फेरफार किंवा दुरुस्तीसाठी कारागीर एका वेळी पंधरा दिवसांहून जास्त लावले, तरीही रद्द.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबलोच. ही दोन कलमं एकत्र ठेवा आणि सांगा, घराची मोठी दुरुस्ती करायची कशी? राहत्या घरात पंधरा दिवसांत ती होत नाही. घर रिकामं करून करावी तर दहा दिवसांत पॉलिसी जाते. दोन्ही बाजूंनी दार बंद, आणि किल्ली एकच, आधी लेखी कळवणं.

त्या कलमांमागचा विचार मात्र वेडा नव्हता. रिकाम्या घरात ठिणगी पडली तर ती बघणारं, विझवणारं कुणी नसतं. उपरे लोक आसऱ्याला शिरतात, शेकोट्या करतात. आणि ज्याला घर नकोसं झालंय, विकलं जात नाहीये, त्याला ते जळालेलं परवडतं. हे शेवटचं कुणी उघड बोलत नसे, पण दर ठरवताना प्रत्येकाच्या मनात असे. कारागिरांचं भय त्याहून साधं. परांच्या, लाकडाचा भुसा, तेल, उघडी ज्योत, आणि संध्याकाळी काम टाकून निघून जाणारी माणसं. हे भय आजही खोटं नाही. १९८९ मध्ये इंग्लंडमधला अपपार्क हा जुना वाडा छपराचं शिशाचं काम संपता-संपता कामगारांच्या ज्योतीनं पेटला. पॅरिसचं नोत्र दाम २०१९ च्या एप्रिलमध्ये जळालं तेव्हा त्याच्याही अंगावर दुरुस्तीच्या परांच्या होत्या.

पुढे ही कलमं सैल होत गेली. न्यूयॉर्कचा १९४३ चा नमुना आला त्यात दहाचे साठ दिवस झाले. आपल्याकडे आगीच्या प्रमाणित पॉलिसीत हा आकडा ३० वर बसला. शब्द साधारण असे: विमा घेतलेली इमारत ३० दिवसांहून जास्त काळ विनावस्ती राहिली तर, नुकसान होण्याआधी कंपनीची मान्यता पॉलिसीवर नोंदवून घेतलेली नसल्यास, विमा लागू राहणार नाही. 'नुकसान होण्याआधी' हे शब्द नीट वाचा. आमची गाडी तिथंच अडकली. दुकान घरात असल्यामुळे वडिलांनी घेतलेली पॉलिसी हीच होती. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणात १०७ विमा कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या, दर आणि शब्द देशभर एकसारखे झाले, २००७ पासून दर पुन्हा मोकळे झाले. पण हे वाक्य या सगळ्यातून तरून आलं.

एक गोष्ट कबूल करतो. ही अट परकी, आगीच्या भीतीतून आलेली, कागदी. पण माळवदाच्या घराबद्दल ती जे म्हणते ते खरं आहे. उलट विटांच्या घरापेक्षा जास्त खरं आहे.

ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यावर किलचण, वर पाला-काड्यांचा थर आणि मग हातभर माती. सगळ्यात वर गावच्या पांढरीतली माती, कारण ती पाणी आत सोडत नाही. पण ती एकदा टाकून भागत नाही. दरवर्षी मृगाच्या आधी वर चढायचं, उंदीर-घुशींची बिळं बुजवायची, उगवलेलं गवत उपटायचं, नवी पांढरी पसरून चोपायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. आणि पहिल्या पावसात रात्री उठून कंदील घेऊन बघायचं की कुठं गळतंय. गळलं तर तेव्हाच, पावसातच, वर जाऊन मूठभर माती दाबायची. खाली चूल पेटलेली असे, तिच्या धुरानं कड्यांना वाळवी लागत नाही असं जुनी माणसं म्हणत. म्हणजे या घरात माणूस नुसता राहत नव्हता, तो घराचा एक भाग होता, खांबासारखा. तो काढला की पहिल्या नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात घर बसतं. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात फिरा, ज्यांची पोरं पुण्याला, वाळूजला गेली त्यांचे वाडे कसे बसलेत ते दिसेल. आग कुठंच लागलेली नाही.

आणि इथं विम्याचं आणि आपलं जमत नाही. आगीच्या दरपत्रकात 'कच्चं बांधकाम' म्हणून जी यादी असते ती लाकडी फळ्या, गवत, पाला, बांबू, ताडपत्री अशी, म्हणजे जळणाऱ्या गोष्टींची. आपलं घर मरतं पाण्यानं, नाहीतर वजनानं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ते दिसलं. दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवरचं जड माळवद झोपेतल्या माणसांवर आलं, आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. तेव्हा भूकंप हा आगीच्या पॉलिसीत आपोआप येतही नव्हता, वेगळा हप्ता भरून जोडावा लागे, आणि त्या गावांमध्ये पॉलिसीच कुणाकडे होत्या? घरं पुन्हा उभी राहिली ती सरकार, जागतिक बँकेचं कर्ज आणि देणगीदार यांच्या पैशावर. किल्लारीनंतर आमच्याकडेही माळवदाची भीती बसली. 'माती उतरवा, पत्रे टाका, स्लॅब टाका' तेव्हापासून सुरू आहे. म्हणजे दुरुस्ती हौस नाही. आमचंही काम त्याच भीतीतून निघालं होतं.

आता कायदा कुठं आलाय ते पाहू. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही एकाच नमुन्याची पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ठेवावी लागते. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दरड, सगळं मुळातच आत. विम्याची रक्कम घराच्या बाजारभावावर ठरत नाही, बांधायला येणाऱ्या खर्चावर ठरते, त्यामुळे गावाकडच्या घरालाही ती परवडते. (त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला आणि खाली चाळीसगावात पाणी शिरलं, ते आठवत असेल.) पण दुरुस्तीवाल्यांनी तिची दोन वाक्यं पाठ करावीत. चटईक्षेत्र मूळच्या १० टक्क्यांहून जास्त वाढेल असं काही बांधलं, तर जादा हप्ता भरून ते पॉलिसीवर नोंदवल्याशिवाय त्या वाढीव भागाला संरक्षण नाही. आणि जमीन खचून झालेलं नुकसान पाडकाम, खोदकाम किंवा दुरुस्तीमुळे झालेलं असेल, तर तेही बाहेर. घरात फेरफार, भाडेकरू, वापर बदलणं, हे कळवायची जबाबदारी आपली. घर रिकामं ठेवण्याबद्दल आणि चोरीच्या जोड-संरक्षणाबद्दल कंपनीगणिक अटी बदलतात, म्हणून फोनवर एजंट "काही प्रॉब्लेम नाही सर" म्हणाला यावर जाऊ नका. ईमेल करा, आणि उत्तर येईपर्यंत कुदळ मारू नका.

चालू कामाचा विमा वेगळा असतो. त्याला बांधकामवाले 'कार पॉलिसी' म्हणतात, गाडीशी संबंध नाही, 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क'ची ती आद्याक्षरं. १९२९ मध्ये लंडनच्या लॅम्बेथ पुलाच्या कामासाठी ती पहिल्यांदा निघाली असं सांगतात. ती मुळात नव्या कामाला असते. शेजारी उभं असलेलं आपलं जुनं घर तिच्यात मुद्दाम नाव घेऊन घालावं लागतं. वाड्यात तर शेजाऱ्याची भिंत सामाईक. आपण आपले खण उतरवले आणि त्याची भिंत फुगली, तर? त्यासाठी तिच्यात तिसऱ्या पक्षाचं कलम घ्यायचं. कामावरच्या मजुराला इजा झाली तर कायद्यानं जबाबदारी येते, तिचा विमा आणखी वेगळा.

आणि कागदात नाव कुणाचं? आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर अजून आजोबाच होते. घरात ज्याचा हितसंबंध आहे त्यालाच त्याचा विमा घेता येतो, म्हणून वारस लावून घेण्यात आमचे पाच महिने गेले. चुलत्यांच्या सह्या हा वेगळ्या भागाचा विषय आहे, तो मी कधीच करणार नाही.

श्रोत्यांपैकी कुणी विचारेल, विमा लोकपालाकडे गेला नाहीत का? नकार मिळाल्यापासून वर्षभरात जाता येतं, वकील लागत नाही, फी नाही. मी गेलो नाही. पत्रातला पहिला परिच्छेद बरोबर होता. दुसऱ्यावर मी भांडलो असतो.

पडलेली भिंत आम्ही कर्ज काढून बांधली. २०२३ मध्ये पुढचे खण काढायची वेळ आली तेव्हा पॉलिसी नवी होती आणि यावेळी काम सुरू करायच्या महिनाभर आधी मी कंपनीला लिहिलं: अमुक तारखेपासून घर रिकामं, अमुक काम, इतके दिवस, सोबत फोटो आणि मिस्त्रीचं कोटेशन. उत्तरात त्यांनी एक फॉर्म पाठवला. त्यात अकरावा प्रश्न होता, काम चालू असताना रात्री घरात कोण राहणार? मी धाकट्या काकांना फोन लावला. त्यांचं घर दोन गल्ल्या सोडून आहे, झोप तशीही कमी झालीय. ते हो म्हणाले. मान्यतेचं पत्र आलं, त्यात अट होती की रात्री एक माणूस आवारात असला पाहिजे.

मी ते पत्र काकांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं, वळकटी काखेत मारली आणि म्हणाले, "म्हणजे मी आता कंपनीचा जागल्या झालो. बलुतं किती देतील, विचार."